समन्स नाकारून दावा थांबत नाही

समन्स, म्हणजे दाव्यात हजर राहण्याचा न्यायालयाचा लेखी हुकूम, घेतलंच नाही तर दावा पुढे सरकत नाही, असं म्हटलं जातं. कृपया कोणी या भरवशावर राहू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ५ (संहितेतले नियमांचे गट ‘आदेश’ म्हणून ओळखले जातात) यासाठीच आहे. प्रतिवादीने, म्हणजे ज्याच्यावर दावा आहे त्याने, समन्सचं पाकीट घ्यायला नकार दिल्याचा शेरा पोस्टाने मारला, तर न्यायालय बजावणी झाली, म्हणजे समन्स रीतसर पोहोचलं, असंच धरतं.

बेलिफ (समन्स पोहोचवणारा न्यायालयाचा कर्मचारी) घरी आला आणि तुम्ही लवकर भेटण्याची शक्यता नसेल, तर तो घरातल्या सज्ञान माणसाला समन्स देऊ शकतो. बायको, आई, मोठा मुलगा, कोणीही. घरकामाची बाई मात्र कुटुंबात धरली जात नाही. समन्स मिळाल्याची सही नाकारली तर प्रत दाराला चिकटवतो. मग मूळ समन्सवर कधी चिकटवलं, कोणत्या परिस्थितीत, घर कोणी दाखवलं, समोर कोण होतं, हे सगळं नाव-पत्त्यासह लिहून परत करतो.

बेलिफचा हा अहवाल नीट वाचा, ही माझी कळकळीची विनंती. बजावणी खोटी असेल तर ती बहुधा इथेच उघडी पडते: साक्षीदाराचं नाव नाही, पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा, असं काहीतरी सापडतं. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे तुमच्या गैरहजेरीत दाव्याचा निकाल, झालाच असेल तर आदेश ९ नियम १३ खाली तो रद्द करायचा अर्ज देता येतो. मुदत ३० दिवस; बजावणी रीतसर झाली नसेल तर हुकूमनामा कळल्यापासून. पण सुनावणीची तारीख तुम्हाला वेळेत माहीत होती हे सिद्ध झालं, तर बजावणीतल्या नुसत्या त्रुटीवर सुटका होत नाही.