कोकणातील जुन्या-नव्या घरासाठी रंगाचे फिनिश कसे निवडावे?

जास्वंद

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या घराचे रंगकाम गणपतीपूर्वी उरकायचे आहे आणि त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. घराचे दोन भाग आहेत. ओटी, माजघर आणि देवघर हा आजोबांच्या काळातील भाग जांभ्या चिऱ्याचा असून भिंतींना आतून चुन्याचा गिलावा आहे. त्यावर आजवर दरवर्षी चुनाच दिला गेला. मागील स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि एक झोपायची खोली हा भाग नंतर वाढवलेला आहे. त्याचा गिलावा सिमेंटचा असून स्वयंपाकघराला व खोलीला ऑइल बाउंड डिस्टेंपर (पाण्यात कालवून लावायचा साधा रंग) दिलेला आहे, तर न्हाणीघराचा गिलावा नुकताच, म्हणजे गेल्या आठवड्यात, नव्याने करून घेतला.

रंगाच्या छटा ठरल्या आहेत. अडचण चकाकीची आहे. दुकानात मॅट, सॉफ्ट शीन, सॅटिन, सेमी ग्लॉस आणि ग्लॉस असे वाढत्या चकाकीचे इतके प्रकार दाखवले गेले की कोणता कुठे द्यावा हे उमजेना. दुकानदारांचे म्हणणे असे की सगळीकडे सॅटिनचा प्लॅस्टिक पेंट द्यावा, म्हणजे भिंती धुता येतील आणि दरवर्षीचा चुनाही टळेल. सुट्टीत घर मुलांनी भरलेले असते, त्यामुळे धुता येणे महत्त्वाचे आहेच. तरीही सगळ्या घराला एकच फिनिश देणे योग्य आहे का?

चिरेबंदी

जास्वंदताई, एकच फिनिश सगळीकडे देऊ नये, आणि चुन्याच्या भिंतींना तर सॅटिन मुळीच देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामागचे कारण नीट सांगतो, कारण ते एकदा कळले की उरलेले निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येतील.

रंगात रंगद्रव्याचे आणि पूरक भुकटीचे कण असतात आणि त्यांना एकत्र धरून भिंतीला चिकटवणारा बाइंडर असतो. कणांचे प्रमाण जास्त असले की वाळलेला पापुद्रा सूक्ष्म पातळीवर खडबडीत राहतो, त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि भिंत मॅट दिसते. बाइंडरचे प्रमाण वाढले की कण त्यात बुडून जातात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि प्रकाश एकाच दिशेला परततो. यालाच आपण चकाकी म्हणतो. बाइंडर जास्त असलेला पापुद्रा सलग आणि घट्ट असल्यामुळे डाग त्यात मुरत नाहीत व तो पुसता येतो. पण त्याच कारणाने भिंतीतील ओल त्यातून सहज बाहेर पडत नाही आणि गिलाव्यातील प्रत्येक उंचवटा डोळ्यांत भरतो. म्हणजे धुण्याची सोय आणि दोष झाकण्याची सोय या दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत. नवीन महागडे मॅट रंग बऱ्यापैकी पुसता येतात हे खरे, परंतु वारंवार घासल्यास मॅट भिंतीवर त्या जागी गुळगुळीत चट्टा उठतो.

आता तुमच्या जुन्या भागाविषयी. जांभा सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात जोत्यातून वर चढणारी ओल चुन्याचा गिलावा हवेत सोडून देतो. वर दिलेला चुनाही हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपात घट्ट होतो, त्यामुळे तो खालच्या गिलाव्याशी एकजीव असतो आणि त्याच्यासारखाच सच्छिद्र राहतो. त्यावर प्लॅस्टिक पेंट दिला तर पहिली अडचण पकडीची येते, कारण दरवर्षी चढलेले चुन्याचे थर भुकटीसारखे सुटत असतात आणि रंग भिंतीला नव्हे तर त्या भुकटीला चिकटतो. दुसरी अडचण ओलीची: ती बाहेर पडू पाहते, तिच्याबरोबर आलेले क्षार पापुद्र्यामागे साठतात आणि एखाददुसऱ्या पावसाळ्यात पोपडे धरतात. तेव्हा ओटी, माजघर आणि देवघर यांना चुनाच द्यावा. चुना कपड्यांना लागतो ही तक्रार योग्य आहे, पण बहुतेक वेळा ती एकच दाट हात दिल्यामुळे उद्भवते. जुने सुटे थर खरवडून, भिंत पाण्याने ओलसर करून, गाळलेल्या चुन्याचे तीन पातळ हात एकेक वाळू देत दिल्यास आणि त्यात थोडा डिंक मिसळल्यास तो बराच धरून राहतो.

ओटीवर पाठ टेकायच्या उंचीपर्यंत तैलरंगाचा पट्टा ओढण्याची पद्धत आपल्याकडे खूप ठिकाणी दिसते. तो कृपया टाळा, कारण ओल सर्वात जास्त असते ती नेमकी त्याच उंचीपर्यंत, आणि तिथे अडवलेली ओल पट्ट्याच्या वरच्या कडेने लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, होऊन फुटते. पाठ टेकण्यासाठी भिंतीपासून बोटभर अंतर सोडून लाकडी फळी बसवून घ्यावी.

रंगकाम_ठाणे

मी रंगकामाची कंत्राटे घेतो. चिरेबंदी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. सिमेंटच्या भागाविषयी माझे अनुभव देतो.

फिनिश ठरवण्याआधी संध्याकाळी दिवे मालवून बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून धरावी, म्हणजे प्रकाश भिंतीवरून तिरका सरपटत जाईल. थापीचे वळसे, वायरिंगसाठी फोडून बुजवलेल्या खाचा, पुट्टीचे जोड असे दिवसा न दिसणारे सगळे त्या उजेडात सावल्या टाकते. सॅटिन दिल्यावर, खिडकी जर त्या भिंतीच्या बाजूला असेल, तर रोज सकाळी भिंत अशीच दिसणार आहे असे समजावे. अशा भिंतीला एकतर मॅट द्यावा, नाहीतर पुट्टीचे, म्हणजे आम्ही जिला लांबी म्हणतो तिचे, दोन हात भरून आणि पॉलिश पेपरने घासून ती खरोखर सपाट करावी व मगच चकाकीचा विचार करावा. छत मात्र नेहमी पांढऱ्या मॅटचेच असावे. त्याला कोणाचा हात लागत नाही, आणि स्लॅबच्या शटरिंगचे जोड चकाकीत फार वाईट दिसतात.

स्वयंपाकघरात ओट्यावरील टाइल्सच्या वर फोडणीची वाफ आणि तेलाचा चिकट थर बसतो, त्यामुळे तिथे सॅटिन किंवा सेमी ग्लॉस इमल्शन, म्हणजे दुकानदार ज्याला प्लॅस्टिक पेंट म्हणतात तो रंग, योग्य ठरते. शेगडीसमोरची भिंत छतापर्यंत सेमी ग्लॉस आणि बाकीच्या तीन भिंती सॅटिन असेही करता येते. छटा एकच ठेवली तर फरक खटकत नाही. झोपायच्या खोलीत मुलांचा वावर असल्यास सॉफ्ट शीन घ्यावा. तो पेन्सिलीचे आणि हातांचे डाग ओल्या फडक्याने पुसू देतो आणि भिंतीचे दोष फारसे उघडे पाडत नाही. वयस्कर माणसे त्या खोलीत राहत असतील तर मात्र मला मॅटच अधिक आवडतो, कारण ट्यूबलाइटचे प्रतिबिंब डोळ्यांवर येत नाही आणि पुढे कुठे खरचटले तर तेवढाच भाग रंगवून भागते. चकाकीच्या भिंतीवर असे ठिगळ कायम वेगळे दिसते व कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते. म्हणूनच काम झाल्यावर त्याच बॅचचा थोडा रंग घट्ट झाकण लावून ठेवावा.

तुमचा जुना डिस्टेंपर तळहाताने घासून पाहा. हाताला पांढरी भुकटी लागली तर तो पाण्याने भिजवून पूर्ण खरवडून काढणे भाग आहे. त्यावर थेट इमल्शन चढवले तर कितीही भारी रंग असला तरी तो सालीसारखा निघतो. खरवडल्यावर प्रायमर, मग पुट्टी, घासकाम, पुन्हा प्रायमर आणि शेवटी रंगाचे दोन हात, हा क्रम कारागिराला आधीच सांगून ठेवावा. रंगात पाणी किती घालायचे ते डब्यावर छापलेले असते आणि ते मापानेच घालून घ्यावे. जास्त पाण्याने पापुद्रा पातळ होतो, चकाकी ठिकठिकाणी वेगळी येते, आणि मग दोष रंगाला दिला जातो.

न्हाणीघराच्या नव्या गिलाव्याला इतक्यात हात लावू नका. ताजा सिमेंट गिलावा तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्यावर तैलरंग दिला तर त्यातील तेलाचा साबण होऊन रंग चिकट पडतो व सुटतो. निदान चार आठवडे तरी तो मुरू द्यावा आणि त्यानंतरही अल्कलीरोधक प्रायमर देऊन बुरशीरोधक सॅटिन किंवा सेमी ग्लॉस इमल्शनच वापरावे. हवा बाहेर टाकणारा पंखा नसेल तर तो आधी बसवा, कारण दिवसभर ओलसर राहणाऱ्या कोपऱ्यात कोणताही बुरशीरोधक रंग फार काळ टिकत नाही.

आणखी एक सूचना. एका कंपनीचे सॅटिन दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्ट शीनइतकेच चमकते असे घडते, म्हणून नावावर जाऊ नये. ६० अंशांच्या कोनातून मोजलेल्या चकाकीचा आकडा काही कंपन्यांच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. ढोबळमानाने मॅट ५ पर्यंत, सॅटिन २० ते ३५, सेमी ग्लॉस ३५ ते ७० आणि ग्लॉस ७० च्या पुढे धरावा. आकडा नसेल तर लहानात लहान डबा आणून भिंतीवरच दोन फूट चौरस रंगवून सकाळी व रात्री पाहावे.

वाशिष्ठीकाठ

वेळेविषयी लिहिणे मला फार गरजेचे वाटते. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमध्ये असंख्य घरांच्या भिंती पाण्यात राहिल्या. त्यानंतर दिवाळीच्या घाईत ज्यांनी वरून कोरड्या दिसणाऱ्या भिंतींवर प्लॅस्टिक पेंट चढवला, अशा माझ्या शेजारच्या कित्येक घरांत पुढे फुगे आले. चुना देऊन थांबलेल्यांच्या भिंती मात्र सावकाश सुकत गेल्या. तुमच्याकडे पूर आला नसला तरी कोकणातला पाऊस भिंतीत कमी पाणी भरत नाही.

गणपतीपूर्वी म्हणजे आपल्याकडे ऐन श्रावणात काम काढणे होते, आणि तेव्हा हवेतच इतका दमटपणा असतो की गिलावा सुकत नाही आणि दुसरा हात देण्याइतका पहिला हातही वाळत नाही. शक्य असेल तर सिमेंटच्या भागाचे काम मार्च ते मे या काळात करावे. त्याही वेळी शंका असल्यास जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर बंद करून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव दिसले तर ओल भिंतीतूनच येत आहे, आणि मग ती छपरातून येते, नळातून येते की जोत्यातून, हे शोधल्याशिवाय रंगाचा खर्च करू नये.

जास्वंद

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. या वर्षी गणपतीपूर्वी फक्त जुन्या भागाला, पावसात उघडीप मिळेल तसा, चुना द्यायचा आणि सिमेंटचा भाग मार्चमध्ये काढायचा असे घरी ठरले. एक प्रश्न उरतो. माजघराची दारे फणसाच्या लाकडाची असून त्यांवर तैलरंगाचे अनेक जुने थर आहेत, आणि खिडक्यांचे लोखंडी गज गंजले आहेत. चौकटी पांढऱ्या हव्या आहेत. यांना कोणते फिनिश द्यावे?

चिरेबंदी

गजांना ग्लॉस इनॅमलच (लाकूड व लोखंडासाठीचा कडक वाळणारा रंग) द्यावे, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर पाणी आणि खाऱ्या वाऱ्यातील मीठ कमी टिकते. तारेच्या ब्रशने गंज काढून, गोड्या पाण्याने मीठ धुऊन, पूर्ण सुकवून त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर द्यावा. रात्रभर उघडे ठेवलेले लोखंड आपल्या हवेत सकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते.

दारांच्या बाबतीत घाई नको. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते, म्हणून ते कोरडे घासू नयेत आणि जाळूही नयेत. पाण्याने भिजवून वॉटर पेपरने घासावे, खाली प्लॅस्टिक अंथरावे, निघालेला चिखल गोळा करून वेगळा बांधावा आणि तोपर्यंत मुलांना त्या भागात येऊ देऊ नये. जुना रंग घट्ट असेल तर तो संपूर्ण काढण्याची गरज नाही. त्याची चकाकी मारण्यापुरते घासले की नव्या रंगाला पकड मिळते.

फणसाच्या लाकडाला सॅटिन इनॅमल शोभून दिसते आणि जुन्या लाकडावरील ठोके त्यात ग्लॉसइतके उठून दिसत नाहीत. पांढऱ्या चौकटींसाठी मात्र पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक इनॅमल घ्यावे, कारण तेलावर आधारित पांढरा रंग कमी उजेडाच्या माजघरात हळूहळू पिवळा पडतो. तेलाच्या जुन्या थरावर ते चढवण्यापूर्वी चांगली पकड देणारा प्रायमर लावावा आणि दार मिटण्याआधी तो रंग काही दिवस पक्का होऊ द्यावा, नाहीतर दार आणि चौकट एकमेकांना चिकटून कडा उखडतात.