मदत हवी आहे: अभ्यासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रश्न हरवतात

आम्ही सांगलीत बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला ६४ जण आहोत. जत, कवठेमहांकाळ, तासगावहून एसटीने येणारे बरेच, त्यामुळे कॉलेज सुटल्यावर एकत्र बसणं जमत नाही. म्हणून व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पीडीएफ भरपूर येतात, पण एकमेकांना समजावून सांगणं होत नाही. परवा एकीने वहीच्या पानाचा फोटो टाकून विचारलं, 'इथे भागाकार एन ने का नाही, एन वजा एक ने का?' प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. पण वर वाढदिवसाच्या चाळीस शुभेच्छा आल्या आणि तो गेला तो गेलाच. मला फार वाईट वाटलं.

'फक्त ॲडमिन' करून पाहिलं, तर सगळेच गप्प झाले. टेलिग्रामवर विषयवार टॉपिक काढले, नंबरही लपवता येतो म्हणून मुलींना ते बरं वाटलं. तरी ११ जणच आले. बाकीचे म्हणतात, आणखी एक ॲप कोण उघडणार? झूम वगैरे सुचवू नका. बऱ्याच जणांकडे रोजचा दीड जीबी डेटाच असतो, काहींचा फोन घरात सामाईक आहे. पैसे भरून काही घेणं शक्य नाही. सरांना ग्रुपवर घ्यायचं नाही, कारण मग चुकीचं उत्तर द्यायला कुणी धजत नाही.

ज्यांनी असा ग्रुप खरंच चालवलाय त्यांनी सांगा: व्हॉट्सॲप न सोडता विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत समोर कसा ठेवायचा, आणि उत्तर देण्याची पाळी लावली तर ती टिकते का?