हातात धरून डोळ्यांचा दाब मोजणाऱ्या यंत्रावर कितपत विसंबावे?

प्रश्न (शिक्षक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
गावातील नेत्रतपासणी शिबिरात हातात धरायच्या छोट्या यंत्राने आईच्या उजव्या डोळ्याचा दाब २६ (मिलिमीटर पारा) निघाला. पुढे नागपूरला स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकावर) बसवून मोजला, तेव्हा तो २० भरला. काचबिंदूचे थेंब सुरू करायचे की नाही, हे आम्हाला कळेनासे झाले आहे. शिवाय आम्ही लोकवर्गणीतून ग्रामीण रुग्णालयाला असेच यंत्र देण्याच्या विचारात आहोत. आकडे इतके बदलत असतील, तर ते देणे योग्य ठरेल का?

उत्तर (नेत्र चिकित्सा अधिकारी, वर्धा जिल्हा)
बधिर करणारे थेंब न टाकता बुबुळाला बारीक टोक लावले असेल, तर ते रिबाउंड टोनोमीटर असावे. ते टोक डोळ्यावर आदळून कसे परतते, यावरून यंत्र दाब काढते आणि सहा मोजण्यांवरून एक आकडा देते. नागपूरचे यंत्र बहुधा गोल्डमन पद्धतीचे, म्हणजे बुबुळाचा छोटा भाग सपाट करायला किती जोर लागतो यावरून दाब मोजणारे, असेल. तुलनेसाठी आजही तेच प्रमाण मानतात. दोन्हींत दोन-तीन अंकांचा फरक पडणे नेहमीचे आहे, सहाचा मात्र नाही. रुग्णाने पापण्या आवळल्या, श्वास रोखून धरला किंवा तपासणाऱ्याने पापणी उघडताना बोटाने डोळाच दाबला, तर आकडा चढतो. शिबिराच्या गर्दीत हे सहज घडते. दाब दिवसभरात बदलतो, म्हणून दोन्ही वेळा कोणत्या होत्या हेही पाहावे.

उत्तर (नेत्रतज्ज्ञ, अमरावती)
वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु पारपटलाची, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पडद्याची, जाडी सुटली. ती जास्त असेल तर दोन्ही यंत्रे दाब वाढवून दाखवतात, पातळ असेल तर कमी दाखवतात. नागपूरजवळच्या खेड्यांत झालेल्या सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडीत ही जाडी सरासरी ५१४ मायक्रॉन आढळली, तर युरोपीय वंशाच्या लोकांत ती ५४०च्या आसपास असते. त्यामुळे आपल्या भागात मला २६ या आकड्याइतकीच काळजी 'दाब नॉर्मल आहे' असे सांगून घरी पाठवलेल्या रुग्णाची वाटते. साधारण २१ ही नॉर्मल दाबाची वरची मर्यादा मानतात, पण त्याच्या आत दाब असूनही काचबिंदू होतो आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. आईंची पॅकिमेट्री (पारपटलाची जाडी मोजणे), गोनिओस्कोपी (डोळ्यातील पाणी बाहेर जाण्याचा कोन पाहणे), डोळ्याच्या नसेची तपासणी आणि फिल्ड टेस्ट (नजरेच्या कक्षेची तपासणी) करून घ्या. थेंबांचा निर्णय तुमचे डॉक्टर त्यावरून घेतील. दोन आकड्यांची सरासरी काढून तो घेता येत नाही.

यंत्र अवश्य द्या. खेड्यात काचबिंदूच्या संशयित रुग्णाला वेळीच पुढे पाठवायला ते फार उपयोगी आहे. मात्र त्याचे टोक प्रत्येक रुग्णाला नवे लागते, म्हणून वर्गणी ठरवतानाच त्या टोकांच्या वर्षभराच्या खर्चाची तरतूद करा. टोके संपली की यंत्र कपाटात जाते.

प्रश्नकर्ते
आईच्या कागदांत पॅकिमेट्रीचा उल्लेख नाही, ती आधी करून घेतो. टोकांचा खर्च कोणी उचलायचा, हे रुग्णालयाच्या अधीक्षकांशी बोलूनच वर्गणी सुरू करू.