प्रतिस्पर्धी फोन स्वस्त झाला की ग्राहक किती हलतो? कसं मोजायचं?

तिठा
प्रकल्पासाठी दोन स्मार्टफोन घेतले आहेत, अ आणि ब. दर्जा सारखा, किंमत जवळपास. दर आठवड्याची किंमत आणि विक्री हाताशी आहे. ब स्वस्त झाला की अ चा खप उतरायला हवा, पण काही आठवड्यांत तो चढलेला दिसतो. छेदक लवचिकता (ब ची किंमत एक टक्का बदलली की अ चा खप किती टक्के बदलतो तो आकडा) कधी १.५ येते, तर कधी चक्क उणे. उणे म्हणजे पूरक, जोडीने घेतल्या जाणाऱ्या वस्तू, आणि हे दोन फोन पूरक असणं शक्यच नाही. चूक हिशेबात आहे की आकड्यांत? शिवाय सर्वेक्षण करायचं झालं तर प्रश्न कसे असावेत?

आकडेमोड
आधी हिशेब पक्का करा. टक्केवारी जुन्या आकड्यावर न काढता दोन्ही आकड्यांच्या सरासरीवर काढा, नाहीतर किंमत उतरताना एक उत्तर येतं आणि चढताना दुसरं. समजा, ब ची किंमत ४०० वरून ३६० झाली आणि अ चा खप ५०० वरून ४४० वर आला. किमतीतला बदल उणे ४०/३८०, म्हणजे उणे १०.५ टक्के. खपातला बदल उणे ६०/४७०, म्हणजे उणे १२.८ टक्के. लवचिकता साधारण १.२. पर्यायी वस्तूंना शोभेल असा आकडा आहे.

उणे आकडा बहुतेक वेळा सेलच्या आठवड्यांतून येतो. त्या दिवसांत अ आणि ब दोघंही किंमत उतरवतात आणि बाजारात मुळात गिऱ्हाईकच जास्त असतं. ब च्या किमतीशेजारी अ ची स्वतःची किंमत आणि हंगाम मांडला नाही, तर अ च्या सवलतीमुळे वाढलेला खप ब च्या खात्यावर चढतो. म्हणून रिग्रेशनचं समीकरण (प्रत्येक कारणाचा परिणाम वेगळा काढणारं) मांडा: अ च्या खपाचा लॉग (लॉगॅरिदम) डावीकडे, आणि उजवीकडे अ च्या किमतीचा लॉग, ब च्या किमतीचा लॉग, सेलच्या आठवड्यांसाठी ०/१ चा रकाना आणि दोन्ही मॉडेल बाजारात येऊन किती आठवडे झाले ते. तरीही दोन्ही किमती कायम जोडीनेच हलत असतील, तर हे गणित त्यांना वेगळं करू शकणार नाही. एकच किंमत हललेली आहे असे आठवडे शोधा. खरी माहिती तिथेच असते.

आणखी दोन ठिकाणी घात होतो. पहिलं, ब चा साठा संपलेला असतो; किंमत खाली दिसते पण माल नसतो, आणि गिऱ्हाईक अ घेऊन जातं. ते आठवडे काढून टाका. दुसरं, ब ची पुढची आवृत्ती जाहीर झालेली असते. तिथे किंमत उतरली म्हणून मागणी बदलली नाही, मागणी आटली म्हणून किंमत उतरली.

काउंटरपलीकडे
वरचं सगळं बरोबर, पण ‘किंमत’ या रकान्यात नेमकं काय भरलंय? छापील किंमत भरली असेल तर पुढचं सगळं गणित वाया. जुना फोन देऊन मिळालेली वजावट, कार्डावरची सूट, बिनव्याजी हप्ते हे धरून हातातून गेलेली रक्कम घ्या. दोन फोनची छापील किंमत महिनाभर जागची हलत नाही आणि एकावर वजावट वाढते, तेवढ्यानेही गिऱ्हाईक सरकतं.

स्टोरेजही सारखंच घ्या. २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो ९९९ डॉलरपासून होता, तो १२८ जीबीचा. प्रो मॅक्स ११९९ पासून, पण त्याची सुरुवातच २५६ जीबीपासून. फरक २०० चा वाटतो. प्रो चा २५६ जीबीचा फोन १०९९ ला होता, म्हणजे खरा फरक १०० चा. पहिल्या किमती शेजारी ठेवल्या तर ग्राहक अवाजवी जास्त पैसे मोजतोय असा निष्कर्ष निघेल, आणि तो चुकीचा असेल.

माणूस फोनची किंमत एकटी कधीच पाहत नाही, शेजारच्या किमतीशी आणि कालच्या किमतीशी ताडून पाहतो. पहिला आयफोन जून २००७ मध्ये आला, ८ जीबीचा ५९९ डॉलरला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तोच ३९९ झाला. आधी घेतलेल्यांची नाराजी इतकी होती की त्यांना १०० डॉलरची खरेदीसवलत द्यावी लागली. अशी मोठी कपात एकदा झाली की काही ग्राहक पुढच्या खेपेला थांबून राहतात. म्हणून कपातीनंतरचे चार-सहा आठवडेही तपासा. तिथे खप खड्ड्यात गेला असेल, तर कपातीने नवे ग्राहक आणले नाहीत, पुढची खरेदी अलीकडे ओढली.

तिठा
छापील किंमतच भरली होती. बदलतो. पण एक शंका: ब स्वस्त झाल्याने अ जितका हलतो, तितकाच अ स्वस्त झाल्यावर ब हलेल ना?

आकडेमोड
नाही. अ चा खप ५०० आणि ब चा ३००० असेल, तर इकडून तिकडे गेलेली तीच ६० माणसं अ साठी १२ टक्के आणि ब साठी २ टक्के. म्हणून लवचिकतेच्या जोडीला वळणाचं प्रमाणही काढा: ब ला मिळालेल्या १५० नव्या ग्राहकांपैकी ६० अ चे, म्हणजे ४० टक्के. ब चा खरा प्रतिस्पर्धी कोण, हे या आकड्यावरून जास्त स्पष्ट कळतं.

निवडपत्र
सर्वेक्षणाबद्दल. ‘या फोनला किती द्याल?’ असं थेट विचारू नका. समोर बिल नसताना सांगितलेल्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. एका पत्रावर (कार्डावर) तीन फोन आणि चौथा पर्याय ‘यांपैकी एकही नाही’, अशी प्रत्येकाला दहा-बारा पत्रं द्या. किमतीच्या चार-पाच पायऱ्या पुरतात. किंमत पत्रागणिक बदलती ठेवा, म्हणजे ती ब्रँडला चिकटून राहणार नाही. चौथा पर्याय गाळलात तर प्रत्येकाला काहीतरी घ्यावंच लागतं आणि किमतीचा परिणाम खरा आहे त्याहून कमी दिसतो.

तिसरा फोन जपून निवडा. ह्यूबर, पेन आणि पुटो यांनी १९८२ मध्येच दाखवलं होतं की एखाद्या पर्यायाहून उघडपणे डावा असा तिसरा पर्याय ठेवला, की त्या पर्यायाची निवड वाढते. अ इतक्याच किमतीचा पण कमी मेमरीचा फोन शेजारी ठेवलात, तर अ ची लोकप्रियता तुम्हीच वाढवलेली असेल.

आणि सध्या हातात कोणता फोन आहे, ते सुरुवातीलाच विचारा. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर जाणाऱ्याला थोडा फरकही पुरतो. फोटो, विकत घेतलेली अ‍ॅप्स आणि घड्याळ एकाच कंपनीत अडकलेल्याला तेवढ्याने काही होत नाही. या दोन गटांची लवचिकता वेगवेगळी काढा. एकत्र काढलेली सरासरी दोघांनाही लागू पडत नाही.