फिजिक्समधून वेब बॅकएंडकडे: आधी काय शिकावं?

लोलक
एम.एस्सी. फिजिक्स. पायथन, नमपाय, थोडं फोरट्रान येतं. प्रयोगशाळेतल्या तापमानाच्या नोंदी दाखवणारं वेब ॲप फ्लास्कमध्ये (पायथनचं छोटं वेब फ्रेमवर्क) केलंय. लॅपटॉपवर नीट चालतं. सर्व्हरवर गनिकॉर्नचे (पायथन ॲप चालवणारा सर्व्हर) चार वर्कर लावले की रिफ्रेश केल्यावर नव्या नोंदी कधी दिसतात, कधी गायब. कर्व्ह फिटिंगचं बटण दाबलं की ५०२ (बॅड गेटवे) एरर. बॅकएंडच्या कामासाठी एमसीए किंवा सीडॅकचा कोर्स करावा लागेल का?

गाळणी
नोंदी ग्लोबल लिस्टमध्ये ठेवताय ना? चार वर्कर म्हणजे चार प्रोसेस, प्रत्येकीची मेमरी वेगळी. नोंद एकीत जाते, पुढची रिक्वेस्ट दुसरीकडे. ही ज्युपिटर नोटबुकची सवय. तिथे व्हेरिएबल जिवंत राहतं, म्हणून डेटाबेस आठवतच नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. एक टेबल पुरे: सेन्सर क्रमांक, वेळ, मूल्य. वेळेचा कॉलम टाइमस्टॅम्प-टीझेडच (टाइमझोन लक्षात घेणारा प्रकार) हवा, नाहीतर यूटीसीचा साडेपाच तासांचा फरक आलेखात घुसतो. इंडेक्स सेन्सर आणि वेळ मिळून, याच क्रमाने. मग एक्सप्लेन ॲनालाइझ चालवा, क्वेरी कशी चालली ते दिसतं. लाखो ओळींतल्या मोजक्याच हव्या असताना सीक्वेन्शियल स्कॅन (सगळं टेबल ओळीने वाचणं) दिसला, तर इंडेक्स वापरलाच जात नाहीये.

पाचशेदोन
गनिकॉर्नचा टाइमआउट मुळात ३० सेकंदांचा. फिटिंग त्यापुढे गेलं की वर्कर मारला जातो आणि त्याच्या पुढे बसलेला वेब सर्व्हर एन्जिनएक्स ५०२ देतो. टाइमआउट वाढवून भागणार नाही. चौघांनी बटण दाबलं की चारही वर्कर अडकले. काम सेलेरीच्या (मागे वेगळ्या प्रोसेसमध्ये कामं चालवणारी लायब्ररी) रांगेत टाका, लगेच २०२ (काम स्वीकारलं) आणि कामाचा आयडी परत द्या, झालं का ते ब्राउझर दर दोन सेकंदांनी विचारेल. आलेख सर्व्हरवर काढत असाल तर मॅटप्लॉटलिबचं पायप्लॉट टाळा. बंद न केलेल्या फिगर मेमरीत साठतात. वीसच्या वर गेल्या की इशारा येतो, पण लॉग वाचतो कोण!

लोलक
पायप्लॉटच आहे. कोर्सचं काय?

दशांश
एमसीए दोन वर्षं. सीडॅकचा पीजी-डॅक डिप्लोमा सहा महिने, सी-कॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन. तिथे जावा, डॉटनेट बरंच असतं. प्लेसमेंटसाठी करायचा तर करा, वरच्या अडचणींसाठी नको. आधी कर्ल या कमांडने हेडर बघत एचटीटीपी, मग एसक्यूएल (जॉइन आणि ट्रान्झॅक्शन पक्के होईपर्यंत), त्यानंतर जँगो, पायथनचं मोठं वेब फ्रेमवर्क. गिट पहिल्या दिवसापासून. जँगोत लूपमध्ये फॉरेन-की (दुसऱ्या टेबलाशी जोडणारा कॉलम) वाचली की दर ओळीला वेगळी क्वेरी सुटते: १०० नोंदी, १०१ क्वेरी. सिलेक्ट-रिलेटेड लावा, जोडलेल्या ओळी एकाच क्वेरीत येतात. आणि रक्कम फ्लोटमध्ये ठेवू नका, रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात मोजा किंवा न्यूमरिक (अचूक दशांशाचा प्रकार) वापरा. दहाव्या दशांशातली चूक प्रयोगात खपते, बिलात नाही.