स्प्रेडशीटमधील सूत्रे तपासत राहावीत, की हाताने लिहूच नयेत?

प्रश्न:
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. यंदा तीन नव्या सदनिकांच्या ओळी यादीच्या शेवटी भरल्या, पण बेरजेचे सूत्र जुन्या शेवटच्या ओळीपाशीच थांबले होते. लेखापरीक्षकांनी दाखवून देईपर्यंत ते माझ्या ध्यानात आले नाही. दर वेळी डोळ्यांत तेल घालून तपासण्यावाचून दुसरा उपाय आहे का?

प्रतिसाद १:
आहे, आणि या चुकीने आपण खचून जाऊ नये. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या सार्वजनिक कर्जावरील २०१०च्या निबंधात सरासरीचे सूत्र ४९व्या ओळीऐवजी ४४व्या ओळीपर्यंतच गेले होते, त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश सुटले. हे उघड व्हायला २०१३ साल उजाडले.

‘एक सदनिका म्हणजे एक ओळ, आणि बेरीज सगळ्या ओळींची’ हा नियम आपल्या मनात असतो, पत्रकाला मात्र केवळ चौकटींचे पत्ते ठाऊक असतात. ओरेगन स्टेट विद्यापीठातील मार्टिन एर्विग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जेन्सेल’ या प्रणालीत हाच नियम आधी आराखड्याच्या रूपाने लिहून घेतला: कोणता भाग पुनःपुन्हा येऊ शकतो आणि कोणते सूत्र कोणत्या भागाकडे पाहते, एवढे एकदा सांगायचे. मग पत्रक त्या आराखड्यातूनच तयार होते, आणि वापरणाऱ्याने नवी ओळ मागितली की तिची सूत्रेही आपोआप येतात व बेरजेची व्याप्तीही वाढते. एर्विग यांनी ग्रेगोर एंगेल्स यांच्यासह २००५ मध्ये मांडलेल्या ‘क्लासशीट्स’मध्ये हा आराखडा ‘सदनिका’, ‘महिना’ अशा व्यवहारातील संकल्पनांच्या भाषेत लिहिता येतो. चूक शोधत बसण्यापेक्षा ती घडायला वावच ठेवू नये, हा विचार मला फार मोलाचा वाटतो.

प्रतिसाद २:
वरील विवेचन पटते, पण एक इशारा आवश्यक आहे. आराखड्यातच सूत्र चुकले, तर ती चूक प्रत्येक ओळीत तितक्याच इमानेइतबारे उतरते; शिवाय १,२०० ऐवजी १२,००० टंकले गेले, तर तो आकडा म्हणून वैधच राहतो. म्हणून आराखडा एकाने लिहावा आणि दुसऱ्याने हाताने केलेल्या दोन-तीन हिशेबांशी ताडून पाहावा.

आपल्याला आज लगेच करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे यादीचे एक्सेलमधील ‘टेबल’मध्ये रूपांतर करणे आणि बेरजेत चौकटींच्या पत्त्यांऐवजी स्तंभाचे नाव वापरणे. टेबलला लागून खाली नवी सदनिका भरली, की तीही बेरजेत धरली जाते. हे संपूर्ण आराखड्याइतके भक्कम नाही, कारण सूत्र कोणीही पुसू शकतो. तेवढ्यासाठी बेरजेचे सूत्र वेगळ्या पानावर ठेवून ते पान कुलूपबंद करावे; टेबलचेच पान कुलूपबंद केले, तर ते आपोआप वाढत नाही.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. टेबल करून पाहिले. खाली चौथी ओळ भरताच बेरीज बदलली. आता मागील दोन वर्षांची पत्रकेही याच पद्धतीने पुन्हा मांडून जुन्या बेरजांशी ताडून पाहणार आहे.