नांदूरमध्यमेश्वरचा तळ दिसायलाच हवा का?

कडवाकाठ
‘गोदाप्रेमी’ यांनी परवा लिहिलं, "2027 च्या सिंहस्थापर्यंत नांदूरमध्यमेश्वरचं पाणी तळ दिसेल इतकं नितळ करा, बीओडी 3 च्या खाली आणा. बाकी फाटे नकोत." तिथे उत्तर मावेना, म्हणून हा धागा.

नांदूरमध्यमेश्वर म्हणजे नाशिकच्या खाली, निफाड तालुक्यात गोदावरीवरचा बंधारा आणि पक्षी अभयारण्य. बंधारा शंभरी ओलांडलेला, गाळानं भरत आलेला. उथळ पाण्यावर वारा सुटला की गाळ वर येतोच, त्यामुळे तळाचं सोडा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन. तो लिटरला 3 मिलिग्रॅम हा आंघोळीच्या पाण्याचा निकष, त्यात फॉस्फरसचं नावही नाही. पाणवेली मात्र फॉस्फरस आणि नायट्रोजनवरच पोसतात. हरित लवादानं 2019 मध्ये मोठ्या शहरांच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याला फॉस्फरसची मर्यादा घातली लिटरला 1 मिलिग्रॅम, म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. तलावात 100 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तरी तो अतिपोषित, म्हणजे शेवाळ माजेल असा धरतात. सांडपाणी केंद्र पास, तलाव नापास!

फ्लोरिडातल्या अपोपका या उथळ तलावासाठी सरळ लिटरला 55 मायक्रोग्रॅम फॉस्फरस असं ध्येय ठरवलं. आपणही हिवाळ्यातल्या एकूण फॉस्फरसचा आकडा धरावा आणि जोडीला पाण्याखालच्या वनस्पती किती जागेत परतल्या ते मोजावं. वारकरी पक्षी बराचसा त्यावरच तर जगतो. आणि घाई नको. नेदरलँड्सच्या वेलुवे तलावाचा फॉस्फरस 1979 पासून कमी केला, पाणी नितळ व्हायला नव्वदचं दशक उजाडलं. आधीचा साठा गाळात बसलेला असतो, तो वर्षानुवर्षं सुटत राहतो.

गोदाप्रेमी
वा! म्हणजे अजून पंधरा वर्षं थांबा. साहेबलोकांना हेच ऐकायचं असतं. तारीख नसली की कुणाला जाबही विचारता येत नाही. बीओडी निदान नेमानं मोजला जातो, तुमचा फॉस्फरस कोण मोजणार?

कडवाकाठ
मोजत नाहीत हीच तर तक्रार आहे! तारीख सांडपाण्याच्या नाल्यांना लावा ना, आजच लावा. गाळाला तारीख कळत नाही.

द्राक्षबाग
आता ‘शेतकऱ्यांची खतं’ येणार बघा, वाटच पाहतोय. आमच्या बागेत ड्रिपनं ग्रॅमवर खत जातं. डीएपीची गोणी नदीत ओतायला घेत नाही कुणी. अख्ख्या शहराचा मैला वरून येतो आणि बोट निफाडकडे!

कडवाकाठ
मी खताचा ‘ख’ तरी काढला का? पण आता काढलाच आहे तर ऐका. फॉस्फरस मातीच्या कणांना चिकटून पुरात येतो, तुमच्या ड्रिपला विचारून येत नाही. उसाच्या पाटपाण्याबद्दलही बोला कधीतरी.

द्राक्षबाग
ऊस माझा नाही. ऊसवाल्यांना विचारा.

खानगावथडी
तुमचे मायक्रोग्रॅम राहू द्या. पाणवेलींचं बोला. वरून वाहत येतात, पुरात सायखेड्याच्या पुलाला अडकून राहतात, मग इकडे. मशीन लावून काढतात आणि काठावरच ढीग घालतात. वर हिरवा दिसतो, काठी घातली की आत काळा लगदा, गटारीचा वास. पहिल्या वळवानं सगळा रस परत पाण्यात. गेल्या उन्हाळ्यात असाच ढीग आमच्या मोटारीशेजारी होता. फुटव्हॉल्व्ह गच्च, रात्रीची लाईट आलेली आणि मी गळ्याएवढ्या पाण्यात मुळ्या ओढतोय. ठेकेदाराला फोन केला तर म्हणे, ‘काढायचं टेंडर आहे, न्यायचं नाही.’

तपोवनकर
टनावर पैसे देतात ना? पाणवेलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ओलीच तोलायची, बिल तयार.

खानगावथडी
आणि जरा मोकळं पाणी दिसलं की कॅमेरेवाले हजर. रविवारी चापडगावच्या रस्त्यावर गाड्यांमुळे ट्रॅक्टर निघत नाही.

द्राक्षबाग
ते रामसरचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून जाहीर झाल्यापासून तर काही विचारूच नका.

कडवाकाठ
धागा कुठे चाललाय? पण ढिगाचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. लांब नेल्या तरच पाणवेलींबरोबर फॉस्फरस बाहेर जातो. टेंडरमध्ये ‘काठापासून दूर नेणे’ लिहा आणि वजन सुकवून करा.

तपोवनकर
हे पटलं. वेलुवेचं नाही. तिथलं पाणी थंड आणि त्यांनी तळचा गाळ ढवळणारा ब्रीम मासा पकडून कमी केला, म्हणून नितळलं. आपल्याकडे तिलापिया मासा वर्षभर पिल्लं घालतो, ती पिल्लं शेवाळ खाणारे सूक्ष्म जीव फस्त करतात. फॉस्फरस उतरला तरी पाणी हिरवंच राहू शकतं. तुमच्या 55 ला इथे आधार काय?

कडवाकाठ
55 इथे लावा असं कुठे म्हटलंय? आधी दोन-तीन हिवाळे मोजा, मग आपला आकडा ठरवा.

गोदाप्रेमी
म्हणजे तुमच्याकडेही आकडा नाहीच! बरं, ‘तळ दिसेल’ काढून टाकतो माझ्या पोस्टमधून, पक्ष्यांनाही तळ पाहायचा नसेल कदाचित. बीओडी आणि 2027 मात्र ठेवणार.

कडवाकाठ
ठेवा. खाली फॉस्फरसची एक ओळ टाका, सही करतो.

खानगावथडी
सह्या नंतर करा. तो ढीग आजही तिथेच आहे, उचलायचा कुणी?